कार्यक्रमपत्रिकेवरचं विभागाचं नाव : नोटर डेम, 2006

23 जानेवारी 2006 रोजी नोटर डेम विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन जेंकिन्स प्राध्यापकांसमोर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांना पदावर येऊन सात महिनेही झाले नव्हते. विषय होता विद्यास्वातंत्र्य आणि विद्यापीठाचं कॅथलिक स्वरूप. विषय भारदस्त होता, पण रोख होता फेब्रुवारीत ठरलेल्या दोन कार्यक्रमांवर. एक नाटक आणि एक चित्रपट महोत्सव. दोन्ही कला महाविद्यालयातल्या विभागांच्या पाठिंब्याने होणारे, दोन्ही याआधी होऊन गेलेले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांपुढेही त्यांनी हीच मांडणी केली. आपल्याला काय खटकतं ते सांगितलं, पण अंतिम निर्णय मात्र राखून ठेवला. सत्र संपायच्या आत तो देईन, तोवर तुमचं म्हणणं मला कळवा, असं त्यांनी सर्वांना सांगितलं. 5 एप्रिलला निर्णय आला.

मधल्या दहा आठवड्यांत जे घडलं त्यासाठी हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. महाविद्यालयातले कार्यक्रम रद्द झाल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. रद्द करण्याआधी कोणाशी, किती वेळ आणि कशा प्रकारे बोलणं झालं, हे त्यांत जवळजवळ कधीच नसतं. इथे ते आहे, आणि बरंचसं लेखी आहे.

थोडी पार्श्वभूमी. नोटर डेम हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहराला लागून असलेलं विद्यापीठ. 1842 मध्ये होली क्रॉस धर्मसंघाच्या एडवर्ड सोरिन या फ्रेंच फादरांनी ते सुरू केलं आणि आजही अध्यक्ष याच धर्मसंघाचा फादर असतो. कला महाविद्यालय, म्हणजे कॉलेज ऑफ आर्ट्‌स अँड लेटर्स, हे तिथलं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं महाविद्यालय. तत्त्वज्ञान, ईशज्ञान (म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र), इंग्रजी, इतिहास, समाजशास्त्र, चित्रपट आणि नाट्य असे सगळे विभाग त्याच्याकडे. अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांनाही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे अभ्यासक्रम सक्तीचे असल्यामुळे या महाविद्यालयाच्या दारातून प्रत्येकजण जातो. विद्यापीठ कॅथलिक आहे म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिथे सर्वांत आधी याच महाविद्यालयात उभा राहतो. व्याख्यान, नाटक, चित्रपट, पाहुणे लेखक, हे सगळं मुख्यतः इथूनच जाहीर होतं.

1967 हे वर्ष इथे महत्त्वाचं. फादर थिओडोर हेसबर्ग तेव्हा अध्यक्ष होते. त्या वर्षी विद्यापीठाची मालकी धर्मसंघाकडून विश्वस्त मंडळाकडे गेली आणि मंडळात प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या कॅथलिकांना, जागा मिळाली. त्याच उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे हेसबर्ग यांच्या पुढाकाराने जमलेल्या कॅथलिक शिक्षणधुरिणांनी एक निवेदन काढलं. विद्यापीठाबाहेरची सत्ता धर्माची असो की आणखी कोणाची, कॅथलिक विद्यापीठाला तिच्यापासून खरी स्वायत्तता हवी, असा त्याचा गाभा होता. पुढे 1990 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हा दस्तऐवज काढून दुसरी बाजू पक्की केली. विद्यास्वातंत्र्य मान्य, पण संस्थेने आपली कॅथलिक ओळख सांभाळली पाहिजे आणि स्थानिक बिशपांनाही त्यात भूमिका आहे. जेंकिन्स 2006 मध्ये बोलत होते ते या दोन कागदांच्या मधल्या जागेतून. बिशप विद्यापीठाचा कारभार चालवत नाहीत, पण विद्यापीठ त्यांच्या धर्मप्रांतात आहे आणि तिथल्या श्रद्धेची जबाबदारी त्यांची आहे. फोर्ट वेन-साउथ बेंड धर्मप्रांताचे तेव्हाचे बिशप जॉन डार्सी ही जबाबदारी मनापासून घेणारे होते. या नाटकाविरुद्ध ते जाहीरपणे बोलत आले होते.

नाटक होतं 'द व्हजायना मोनोलॉग्ज'. ईव्ह एन्स्लर यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांशी बोलून ते लिहिलं आणि 1996 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं. वंदना खरे यांच्या 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' या मराठी रूपांतरामुळे आपल्याकडेही ते अनेकांच्या परिचयाचं आहे. शरीराबद्दलची लाज, सुख, बलात्कार, बाळंतपण, सगळं स्त्रिया स्वतःच्या तोंडाने सांगतात. 1998 पासून त्याला एका मोहिमेची जोड मिळाली. दरवर्षी फेब्रुवारीत, 14 तारखेच्या आसपास, ठिकठिकाणचे विद्यार्थी हे नाटक करतात आणि जमलेले पैसे स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना देतात. नोटर डेममध्ये ते 2002 पासून होत होतं. दुसरा कार्यक्रम, 'क्विअर फिल्म फेस्टिव्हल' हा समलैंगिकांविषयीच्या चित्रपटांचा महोत्सव, 2004 मध्ये सुरू झाला होता.

जेंकिन्स हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तेराव्या शतकातला कॅथलिक तत्त्वचिंतक सेंट थॉमस अक्वायनस याचे अभ्यासक. त्यांच्या मांडणीत ते जाणवतं. अक्वायनसची पद्धत अशी की आपलं मत सांगण्याआधी विरोधी मुद्दे जमतील तितके सबळ करून मांडायचे. जेंकिन्स यांनी सुरुवातीलाच मान्य केलं की विद्यापीठात कुठलाही विचार तपासायला बंदी नसावी. कॅथलिक शिकवणीच्या विरोधातलं पुस्तक वर्गात शिकवायला हरकत नाही, कोणा प्राध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने स्वतःचं मत लिहायला, बोलायलाही हरकत नाही. त्यांची अडचण पुढे सुरू होत होती. एखादा कार्यक्रम विद्यापीठाच्या विभागाच्या नावाने होतो, त्याची मोठी जाहिरात होते, तो शिकवणीला ठळकपणे छेद देतो आणि दरवर्षी होतो. असं असेल तर बघणाऱ्याला काय वाटेल? विद्यापीठ या विचाराची चिकित्सा करतंय असं वाटेल, की विद्यापीठाला तो मान्य आहे असं?

उदाहरण म्हणून त्यांनी घेतलं जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावचं येशूच्या दुःखसहनाचं नाटक. सतराव्या शतकापासून चालत आलेल्या या नाटकाच्या जुन्या रूपात ज्यूंचं चित्रण द्वेषाचं होतं. ते जुनं रूप एखाद्या विभागाने आपल्या नावावर वर्षानुवर्षं सादर केलं, तर आपण गप्प बसू का? हे उदाहरण निवडण्यात प्रामाणिकपणा होता. धार्मिक परंपरेतलाच दोष त्यांनी पुढे ठेवला आणि समोरच्या उदारमतवादी प्राध्यापकाला विचारलं की तुमचीही कुठेतरी रेघ आहे ना? असेल तर भांडण रेघ असावी की नसावी याचं नाही, ती कुठे असावी याचं आहे.

माझ्या मते या मांडणीतला पुनरावृत्तीचा मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि त्याकडे तेव्हा पुरेसं लक्ष गेलं नाही. एकदा झालेला कार्यक्रम हा कार्यक्रम असतो. पाच वर्षं त्याच महिन्यात होणारा कार्यक्रम प्रथा होतो. प्रथेला कोणी कारण विचारत नाही, अर्ज मागच्या वर्षीचाच पुन्हा भरला जातो. विभाग एखाद्या गोष्टीच्या पाठीशी उभा राहतो तेव्हा दरवर्षी नव्याने विचार करून उभा राहिला पाहिजे, हे म्हणणं कुठल्याही महाविद्यालयाला लागू आहे, कॅथलिक असो वा नसो.

पण भाषणात एक उणीव होती आणि ती मोठी होती. नाटक करणाऱ्या मुली बाहेरची मोहीम आंधळेपणाने आत आणत नव्हत्या. कॅम्पसवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांबद्दल उघडपणे बोलता येईल अशा जागा थोड्या होत्या, त्यांतली एक हे नाटक होतं. पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेशच 1972 मध्ये मिळालेलं हे विद्यापीठ. वसतिगृहं मुलामुलींची वेगळी, वसतिगृहांचे नियम कडक, आणि अत्याचाराची वाच्यता करणाऱ्या मुलीला आधी स्वतःचीच बाजू सांगत बसावं लागण्याची भीती. जानेवारीच्या भाषणात नाटकाचा मजकूर आणि चर्चची शिकवण यांतला विरोध सविस्तर आला. मुलींना हे नाटक का हवंसं वाटतं, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. पुढच्या दहा आठवड्यांत तोच हळूहळू मध्यभागी आला.

फेब्रुवारीतले प्रयोग झाले, पण अटींवर. जागा होती डिबार्टोलो हॉल, म्हणजे वर्गखोल्यांची इमारत. नाट्यगृह नाही, व्याख्यानाचा वर्ग. निधी उभारायचा नाही. आणि प्रयोगानंतर परिसंवाद, ज्यात कॅथलिक दृष्टिकोन मांडणारेही बसतील. चित्रपट महोत्सवाने नाव बदललं. समलैंगिक व्यक्तींचे चित्रपट, त्यांचे दिग्दर्शक, कथनं आणि प्रेक्षक यांचा अभ्यास, असं सांगणारं नवं शीर्षक आलं. 'उत्सव' हा सूर गेला.

तो वर्ग डोळ्यांसमोर आणून पाहा. पुढे फळा, वर ट्यूबलाइट, प्रेक्षक बसलेत ते सकाळी तासाला बसतात त्याच बाकांवर. पडदा नाही, प्रकाशयोजना नाममात्र. एक मुलगी उभी राहून कोणा अनोळखी स्त्रीची बलात्काराची हकीकत सांगते, आणि ती बसली की थोड्या वेळाने त्याच जागी प्राध्यापक येऊन बसतात व बोलणं सुरू होतं. हे व्यवस्थापनाने लादलेलं होतं आणि मुलींना त्याचा राग होता, तो रास्तही होता. निधीवरची बंदी तर मला सरळ चुकीची वाटते. शिकवणीशी मतभेद नाटकाचा असेल, अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करण्याचा नव्हता. पैसे दुसऱ्या मार्गाने उभे करायला विद्यापीठाने स्वतः पुढे यायला हवं होतं. परिसंवादांचा परिणाम मात्र कोणी योजला नव्हता असा झाला. नाटकाची बाजू घेणारे आणि न घेणारे एकाच खोलीत बसून अत्याचाराबद्दल बोलले. ज्यांना नाटक पसंत नव्हतं त्यांनाही, मग या प्रश्नावर तुम्ही काय करणार, याचं उत्तर द्यावं लागलं.

5 एप्रिलच्या समारोपाच्या निवेदनात जेंकिन्स यांनी सांगितलं की नाटकावर बंदी घालण्याचं कारण मला दिसत नाही आणि तसा माझा विचारही नाही. वादग्रस्त कलाकृतीला योग्य संदर्भ देऊन कॅथलिक परंपरेशी संवादात आणता येतं आणि पुढेही हाच नमुना असावा, असं ते म्हणाले. व्यापक संस्कृतीला सामोरं जायला कॅथलिक शिकवणीने घाबरण्याचं कारण नाही, हे त्यातलं वाक्य सर्वांत जास्त उद्धृत झालं. कोणत्या कार्यक्रमाला नाव द्यायचं याची जबाबदारी विभागांकडेच राहिली, मात्र कार्यक्रम शिकवणीच्या विरोधात जात असेल तर ती शिकवणही तिथे नीट मांडली जावी, ही अपेक्षा जोडली गेली. जानेवारीतल्या भाषणाच्या मानाने ही मोठी हालचाल होती. अध्यक्षाने आधी आपला कल जाहीर करावा, मग ऐकावं, आणि ऐकून मत बदललं हे लेखी कबूल करावं, ही गोष्ट विद्यापीठांच्या इतिहासात फार वेळा घडत नाही. मला या सगळ्या प्रकरणात त्यांचा आदर वाटतो तो इथे.

सगळ्यांना तो वाटला नाही. बिशप डार्सी यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. होली क्रॉस धर्मसंघाचेच फादर आणि इतिहासाचे प्राध्यापक विल्सन मिस्कॅम्बल यांनी खुलं पत्र लिहिलं. धैर्य दाखवायची वेळ होती, तुम्ही लोकप्रियतेवर समाधान मानलंत, असा त्यांचा ठपका होता. पत्रातली कळकळ खरी होती. कॅथलिक विद्यापीठंही इतर विद्यापीठांसारखीच होत जातील आणि एक दिवस भिंतीवरच्या क्रूसाखेरीज वेगळं काही उरणार नाही, ही भीती अमेरिकेतल्या अनेक कॅथलिकांना आजही आहे. तिला केवळ सनातनीपणा म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल.

याच ओघात एक नवं नाटक जन्माला आलं. 2006 च्या शरद ऋतूत विद्यार्थिनीने लिहिलेलं, नोटर डेममधल्याच लोकांच्या मुलाखतींवर बेतलेलं नाटक कॅम्पसवर झालं. लैंगिकता आणि लैंगिक अत्याचार हाच विषय, पण अनुभव सगळे याच वसतिगृहांतले, याच रस्त्यांवरचे. त्यात अत्याचार सोसलेल्या मुली होत्या, विवाहापूर्वी संयम पाळणारेही होते. बाहेरून आणलेल्या संहितेत जे नव्हतं ते इथे होतं, ऐकणारा आणि सांगणारा एकाच गावचा. एप्रिलच्या निवेदनात जेंकिन्स यांनी या प्रयत्नाला पाठिंबा दिला होता आणि स्त्रियांवरील हिंसेबाबत एक समितीही नेमली होती. माझ्या दृष्टीने या प्रकरणाची खरी कमाई ही आहे.

पुढचा भाग कमी समाधानाचा. 2007 मध्ये मूळ नाटकाला एकाही विभागाने नाव दिलं नाही आणि प्रयोग कॅम्पसबाहेर झाला. बंदी नव्हती, फक्त प्रायोजक नव्हता. निर्णय विभागांवर सोपवणं हे तत्त्व म्हणून उत्तम, पण विभाग म्हणजे शेवटी माणसं. विभागप्रमुखाला पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं असतं, नव्या प्राध्यापकाची नोकरी अजून कायम झालेली नसते. दोन वर्षं गाजलेल्या कार्यक्रमावर सही कोण करणार? परवानगी असूनही न होणारे कार्यक्रम कोणत्याच नोंदीत सापडत नाहीत. ही त्रुटी एप्रिलच्या निवेदनाने सोडवलेली नव्हती.

2008 च्या मार्चमध्ये विभागांनी पुन्हा नाव दिलं आणि परिसंवादांसह नाटक कॅम्पसवर परतलं. त्याची किंमतही मोजावी लागली. अमेरिकी बिशपांच्या सिद्धान्तविषयक समितीचा ईशज्ञानाच्या अभ्यासकांबरोबरचा एक कार्यक्रम नोटर डेमला व्हायचा होता, तो दुसरीकडे हलवण्यात आला. एका कार्यक्रमपत्रिकेत नोंद आली म्हणून दुसऱ्या पत्रिकेतून नोंद गेली.

2006 चा नमुना कुठे अपुरा पडतो हे 2009 मध्ये दिसलं. 20 मार्चला जाहीर झालं की त्या वर्षीच्या पदवीदान समारंभाला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येणार, भाषण करणार आणि त्यांना मानद पदवी दिली जाणार. गर्भपाताबाबत त्यांची भूमिका चर्चच्या विरोधात. अमेरिकी बिशपांनी 2004 मध्येच सांगितलं होतं की मूलभूत नैतिक तत्त्वांविरुद्ध वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मान देऊ नयेत, आणि त्या वागण्याला पाठिंबा वाटेल असं व्यासपीठही देऊ नये. बिशप डार्सी समारंभापासून दूर राहिले. हार्वर्डच्या प्राध्यापिका मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांना विद्यापीठाचं मानाचं लेटारे पदक मिळणार होतं, ते त्यांनी नाकारलं. समारंभाच्या आसपासच्या दिवसांत कॅम्पसवर निदर्शनं करणाऱ्या 88 जणांना अटक झाली, त्यांच्यावरचे खटले 2011 मध्ये मागे घेतले गेले. 17 मे रोजी भाषण झालं, विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, ओबामांनी मतभेद असतानाही एकमेकांशी न्यायाने बोलण्याबद्दल सांगितलं.

नाटकानंतर परिसंवाद ठेवता येतो. मानद पदवीनंतर काय ठेवणार? सन्मान एकतर्फी असतो, त्याला प्रश्नोत्तरं नसतात. ग्लेंडन यांनी पदक नाकारताना नेमकं हेच बोट ठेवलं होतं, की माझ्या उपस्थितीने कार्यक्रमाचा तोल साधला जाईल असं विद्यापीठाने गृहीत धरू नये. मला ओबामांना बोलावणं चुकीचं वाटत नाही. पण व्याख्यान, वर्ग, नाटक ही एक जात आणि पदवी, पदक, नामकरण ही दुसरी, हा फरक 2009 मध्ये घोषणेच्या आधी केला गेला असता, तर निदान चर्चा योग्य प्रश्नावर झाली असती. 2006 मध्ये दहा आठवडे सर्वांना बोलायला मिळालं. 2009 मध्ये घोषणा आधी झाली आणि बोलणं नंतर.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर स्टॅन स्वामी स्मृती व्याख्यान ठरलं होतं. तेही एका विभागाचं, आंतरधर्मीय अध्ययन विभागाचं, आणि वक्ते रोमहून बोलणारे एक जेझुइट फादर. विषय उपजीविकेसाठी होणारं स्थलांतर. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने आक्षेप घेतला आणि व्याख्यान रद्द झालं. दोन प्रकरणं सारखी नाहीत. नोटर डेममध्ये दबाव चर्चच्या आतून होता आणि संस्था श्रीमंत व स्वतःच्या पायावर उभी. झेवियर्सवर दबाव बाहेरून आणि राजकीय, आणि तिथल्या व्यवस्थापनाला मुलांच्या सुरक्षेचाही विचार करावा लागतो. तरी एक गोष्ट मनाला लागते. स्थलांतराबद्दल त्या फादरांना काय सांगायचं होतं, त्यावर हरकत घेणाऱ्यांना काय विचारायचं होतं, हे एका खोलीत बसून बोललं जाऊ शकलं असतं. तेवढा अवधीच कोणाला मिळाला नाही.

नोटर डेममध्ये हा वाद मिटलेला नाही आणि मिटेल असंही नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये कला महाविद्यालयाच्या चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नाट्य विभागाने एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ड्रॅग कलाकारांचा, म्हणजे मुख्यतः भडक स्त्रीवेषात सादरीकरण करणाऱ्यांचा, कार्यक्रम ठेवला. विरोध झाला, इमारतीबाहेर जपमाळेची प्रार्थना करत लोक उभे राहिले, आणि विद्यापीठाने विद्यास्वातंत्र्याचा हवाला देत कार्यक्रम होऊ दिला. पत्रिकेवर विभागाचं नाव होतं आणि अभ्यासक्रमाचंही.